भिंत गप्प होती

जुबैदाबाईंचं आपल्या नवऱ्याविषयी एकच गाऱ्हाणं होतं आणि ते सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. "माझी हाक ह्यांना ऐकू येत न्हाय," त्या म्हणायच्या, "पन बांग मात्र बरोबर ऐकू येते. बायकोपुरतेच कान गेलेत!" बायका हसायच्या. खाली मागावर उभे असलेले गुलाम हुसेनही वर बघून हसायचे. काय चाललंय हे त्यांना कळलेलं नसायचं, बायका हसताहेत एवढं दिसायचं.

गाऱ्हाणं खोटं नव्हतं. खाली चार माग आणि वर लाकडी माळ्यावर संसार, असं ते घर. पंचवीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहिल्यावर कानांचं व्हायचं ते झालंच होतं, पण गुलाम हुसेन ते कबूल करतील तर शपथ. काहीही विचारलं की "हां हां" म्हणून मान डोलवायची आणि मीठ मागितलं तर पाण्याचा तांब्या पुढे करायचा. बांगेच्या बाबतीत मात्र कधी चूक नाही. जुबैदाबाई दिवसभर माळ्याच्या कठड्याशी बसून चरख्यावर कांड्या भरायच्या. धोट्यात बसते ती सुताची कांडी, मागाला शेकड्यांनी लागते. मशिदीच्या भोंग्यातून बांग सुरू झाली की त्या हातातलं काम थांबवून पदर डोक्यावर घ्यायच्या आणि खाली पाहायच्या, तर हे महाशय माग बंद करून हात पुसत निघालेले.

त्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नसे. दोन्ही अंगांना माग, तेही दिवसरात्र चालू. हाक मारून घसा फोडण्यापेक्षा खिडकीतून फडकं हलवलेलं बरं. मागांवर तर सगळा कारभार हातवाऱ्यांचा. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. पालथा पंजा हलवला की लाईट गेली, उताणा केला की आली. खरं म्हणजे लाईट गेल्याचं कुणी सांगावंही लागत नसे. एकदम शांत व्हायचं, पाळण्यातली मुलं दचकून उठायची. आणि लाईट आली की गल्लीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत माग धडधडत सुटायचे. दिवे कोण बघतो? गुलाम हुसेन भिंतीला तळवा लावायचे. भिंत थरथरली की लाईट आहे, गप्प असली की नाही.

म्हणूनच लाईट गेली तरी मागांची बटणं कुणी बंद करत नसे आणि दरवाज्याजवळच्या मेन स्विचला तर कुणी हातही लावत नसे. लाईट आली की माग आपोआप सुटला पाहिजे, एक मिनिट वाया जाता कामा नये. दिव्यांची बटणं मात्र जुबैदाबाईंच्या ताब्यात. एकदा लाईट परत येताना इतक्या जोरात आली की घरातले तीन बल्ब आणि रेडिओ एका दमात गेले. तेव्हापासून लाईट गेली रे गेली की त्या वर-खाली फिरून सगळ्या दिव्यांची बटणं आधी बंद करायच्या. घरात एवढी शिस्त माझ्यामुळे आहे, असं त्यांचं म्हणणं. ह्या शिस्तीनेच पुढे घात व्हायची वेळ आणली होती.

साल नव्वदच्या आगेमागे. जुलै संपत आला असताना वादळ भिवंडीवर येऊन बसलं ते हलायचं नाव घेईना. पहिल्याच संध्याकाळी पत्रे उडाले, टेमघरच्या बाजूला विजेचे खांब आडवे झाल्याची बातमी आली आणि गल्ली जी गप्प झाली ती झालीच. दुसऱ्या दिवशी कामवारी नदी फुगली. त्यात खाडीला मोठी भरती. नदीचं पाणी खाडी घेईना, ते गल्ल्यांत शिरलं. भरतीला चढायचं, ओहोटीला उतरायचं, आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडं वरच राहायचं.

माळ्यावरचा संसार कसाबसा चालला होता. स्टोव्हच्या वाती ओल्या, काड्यापेटी जुबैदाबाईंनी कनवटीला लावून सुकी ठेवलेली. पाण्याचा पंप बंद, म्हणून पत्र्याच्या पन्हाळीखाली हंडे लावले होते. मुलगी सुरैया, तिला पहिल्याच दिवशी तिच्या मामाकडे वडप्याला पाठवून दिलं होतं. तिकडे उंचावर पाण्याची भीती नव्हती. गल्लीतली निम्मी घरं अशीच कुठे कुठे पांगली होती. समोरच्या माडीवर केसरीनाथ तेवढे उरले होते, मूळ अंजूरच्या शेतकरी घरातले. घराला कुलूप लावून जायला त्यांचं मन होत नव्हतं.

पाणी शिरायला लागताच सगळ्या गल्लीने एकच काम केलं. मोटारी वाचवल्या. मागाला मोटार गुडघ्याच्या उंचीवर बसवलेली असते. पाणी तिच्यात गेलं की ती मेली. गुलाम हुसेन आणि त्यांचा जॉबर रघू, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, दोघांनी पट्टे उतरवले, चारही मोटारींच्या वायरी सोडवल्या, वायरींची उघडी टोकं कापडाच्या चिंध्यांनी वरच्या तुळईला बांधून टाकली आणि तीन मोटारी माळ्यावर चढवल्या. चौथीचा एक बोल्ट गंजून बसला होता. तेवढ्यात रघूच्या घराचा पत्रा उडाल्याचा निरोप आला आणि तो धावत गेला. "टोकांना पट्टी मारायची राहिली, शेठ, उद्या मारतो," असं तो जाताना म्हणाला होता. गुलाम हुसेन म्हणाले होते, "हां हां."

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. पाणी मात्र थांबलं नव्हतं. संध्याकाळची भरती यायची होती. गुलाम हुसेन पाना घेऊन खाली उतरले. पाणी नडगीपर्यंत होतं आणि चौथ्या मोटारीच्या खाली जेमतेम वीतभर जागा उरली होती. जुबैदाबाई कठड्याशी कांड्यांची टोपली घेऊन बसल्या आणि ओल्या कांड्या निवडायला लागल्या. हात चालू होते, जीव थाऱ्यावर नव्हता. दोन दिवस नवराही कसा सैरभैर वाटत होता. नमाजच्या वेळा चुकत होत्या, "बांग झाली का?" असं तीनदा विचारून झालं होतं. भोंगा बंद, पावसात नुसत्या गळ्याची बांग कुठून ऐकू येणार? पण ह्या माणसाने वेळ विचारावी हे नवीनच होतं. मोटारीची काळजी लागलीय, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पाच वाजले असतील. बाहेर खर्र झालं आणि मशिदीत बांग देणाऱ्या अब्दुर्रहमान बांगींचा आवाज गल्लीभर घुमला. असरची, दिवस कलल्यावरच्या नमाजची बांग. जुबैदाबाईंनी सवयीने पदर डोक्यावर घेतला. कितीतरी वेळाने काही ओळखीचं कानावर पडलं होतं. त्यांना बरं वाटलं.

आणि मग लक्षात आलं. आवाज भोंग्यातून आला होता. मशिदीची बॅटरी गेल्या रमजानपासून बंद पडलेली. भोंगा वाजतो म्हणजे मशिदीत लाईट आली. मशिदीची आणि गल्लीची लाईट एकाच खांबावरून येते.

पण गल्ली गप्प होती. कुठे एक माग सुटला नव्हता. मग लाईट कशी असेल, असं त्या क्षणभर मनाशी म्हणाल्या, आणि लगेच त्यांचं त्यांनाच कळलं. सुटणार कोण? सगळ्यांच्या मोटारी माळ्यावर. दिवा लागणार कुठला? बटणं तर त्यांनी स्वतः बंद केलेली. लाईट आत्ता आली असेल, दोन तासांपूर्वी आली असेल. ह्या गल्लीत ती कुणाला कळण्याची सोयच उरली नव्हती.

त्यांनी खाली पाहिलं. गुलाम हुसेन त्यांच्याकडे पाठ करून मोटारीवर वाकले होते. चौथ्या मागाची वायर तुळईला बांधली होती तिथली चिंधी ओली होऊन सैल झाली होती आणि तांब्याची तीन उघडी टोकं खाली लोंबत होती. पाण्यापासून हातभर वर, आणि गुलाम हुसेनच्या पाठीमागे वीतभर. ते जोर लावताना वाकत होते, दम घ्यायला सरळ होत होते. सरळ झाले की ओला सदरा त्या टोकांच्या अगदी जवळ जात होता.

"अजी!" जुबैदाबाई ओरडल्या. "अजी, हलू नका!"

पंचवीस वर्षांत त्या घरात एवढ्या शांततेत कुणी एवढ्याने ओरडलं नव्हतं. समोरच्या भिंतीवरून आवाज परत आला. गुलाम हुसेन पान्यावर थुंकले, तो पुन्हा बोल्टला लावला आणि जोर करायला लागले.

त्या शिडीकडे धावल्या. दोन पायऱ्या उतरल्यावर पाय आपोआप थांबला. पाण्यात उतरून हिंदकळलं तर? ह्यांना हात लावला आणि ते दचकून मागे सरले तर? दोघंही गेलो तर सुरैयाला कोण? त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला. कानाला यंत्र लावा म्हणून किती वर्षं सांगत होत्या! राग आला आणि त्याबरोबर रडूही आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्या परत वर आल्या, टोपलीतली कांडी उचलली आणि नेम धरून फेकली.

पहिली पाण्यात पडली. दुसरी मागावर आपटली. तिसरी खांद्याला लागली. गुलाम हुसेन वाकलेलेच राहून मान वळवून वर बघायला लागले. कपाळाला आठ्या होत्या. वर बायको उभी, डोक्यावर पदर. त्यांच्या आठ्या गेल्या. त्यांनी मान डोलवली, पाना दाखवला आणि हाताने खूण केली: एवढं झालं की येतो. आणि पुन्हा पाठ फिरवली.

जुबैदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बांगेसाठी बोलावतेय असं वाटलं ह्यांना! त्यांनी आता मूठभर कांड्या उचलल्या आणि एकामागून एक सोडल्या. एक टाळूला लागली. गुलाम हुसेन चिडून वळले, ते पूर्ण वळले नाहीत हे नशीब. जुबैदाबाईंनी उताणा पंजा वर केला, पुन्हा पुन्हा केला. लाईट आली. लाईट आली.

गुलाम हुसेननी डावा तळवा शेजारच्या भिंतीला लावला. जरा वेळ तसाच ठेवला. मग समजूतदारपणे हसले आणि पालथा पंजा हलवला. भिंत गप्प आहे, लाईट नाही. बायकोला काय कळतं, असं ते हसू होतं. त्यांनी कंबर धरली आणि सरळ व्हायला लागले.

तेव्हा कुठे जुबैदाबाईंना बटण सुचलं. माळ्यावरच्या बल्बचं बटण मागे दाराच्या चौकटीला होतं, चार पावलांवर. त्या कशा पोहोचल्या हे त्यांना पुढेही सांगता आलं नाही. पदर टोपलीत अडकला, टोपली उलटली, कांड्या शिडीवरून खाली गडगडल्या. त्यांनी बटण दाबलं.

पिवळा उजेड पडला. माळ्यावर, कठड्यावर आणि खालच्या काळ्या पाण्यावर.

गुलाम हुसेन अर्धवट वाकलेले तसेच थांबले. त्यांनी पाण्यातल्या उजेडाकडे पाहिलं, मग वर बल्बकडे, मग बायकोकडे. जुबैदाबाई त्यांच्या पाठीमागे बोट दाखवत होत्या. त्यांनी फक्त मान वळवली. तांब्याची टोकं डोळ्यांसमोर होती. त्यांच्या तोंडाचा रंग गेलेला वरूनसुद्धा दिसला.

तोवर पाणी वाढायला लागलं होतं. भरती आली होती. दाराच्या फटीतून आत येणाऱ्या पाण्याची लाट मागांच्या पायांवर चपचप आपटत होती आणि टोकं आता हातभरही वर उरली नव्हती. जुबैदाबाईंनी तळवा हळूहळू खाली दाबून दाखवला: सावकाश. पाणी हलवू नका. गुलाम हुसेननी पाना मागावर ठेवला नाही, लोखंडाला लोखंड लावायचं धैर्य त्यांना झालं नाही. तो तसाच छातीशी धरून ते वाकूनच वायरीपासून बाजूला सरले आणि पाय न उचलता, फरशीवरून घासत, शिडीकडे निघाले. दहा पावलांचं अंतर. जुबैदाबाई एकदा त्यांच्या पायांकडे बघत होत्या, एकदा टोकांकडे. ओठ हलत होते. संकटात म्हणायची कुराणातली आयतुल कुर्सी म्हणताना त्या मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या. गुलाम हुसेनचा हात लाकडी शिडीला लागला. पाय पाण्यातून निघाले. माळ्यावर आल्यावर ते बल्बच्या खाली मटकन बसले.

अजून संपलं नव्हतं. मेन स्विच खाली, दाराच्या आतल्या बाजूला, आणि तिथे जायला पाण्यातूनच वाट. टोकं पाण्याला लागली आणि कुणी दार ढकलून आत आलं तर? जुबैदाबाई खिडकीशी गेल्या. त्यांनी सवयीने फडकं उचललं, हलवलं, आणि मग ते खाली टाकून पोटापासून हाक मारली.

"केसरीनाथभाऊ!"

केसरीनाथ माडीच्या खिडकीत आले ते घाबरूनच. त्या गल्लीत बाईमाणसाची हाक त्यांनी प्रथमच ऐकली होती. "काय झालं, भाबी?"

"लाईट आलीय! आमच्या कारखान्यात उघड्या वायरी लोंबतायत. मेन पाडायला पायजे!"

"लाईट? न्हाय हो भाबी, लाईट कुठं हाय? आवाज न्हाय काय न्हाय."

"दिवा लावून बघा!"

समोरच्या माडीवर दिवा लागला. केसरीनाथ दोन क्षण त्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घरातला सूत वाळत घालायचा लांब सुका बांबू काढला. गल्लीच्या पाण्यात ते उतरले नाहीत. पाणी शिरल्यावर दोन्ही घरांच्या ओट्यांवर पिंपं ठेवून त्यांच्यावर टाकलेली लाकडी फळी होती, तिच्यावरून बसून बसून सरकत ते इकडे आले, दार बांबूने लोटलं आणि फळीवर बसूनच आत बांबू घातला. पहिल्यांदा बांबू स्विचच्या पेटीवर घसरला. दुसऱ्यांदा हँडलला लागला, पण हँडल हलेना. वीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. "भाऊ, जपून," जुबैदाबाई खिडकीतून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तिसऱ्यांदा केसरीनाथनी दोन्ही हातांनी बांबू खाली रेटला आणि खाड्कन आवाज झाला.

माळ्यावरचा बल्ब विझला. दिवा गेल्याचा एवढा आनंद जुबैदाबाईंना जन्मात कधी झाला नव्हता.

केसरीनाथ परत माडीवर गेले आणि खिडकीतून पुढच्या घरांना ओरडून सांगायला लागले. ज्या गल्लीत हाकेला किंमत नव्हती ती गल्ली आता त्यांच्या एकट्याच्या हाकेने दणाणली होती. कठड्याशी बसून नवरा-बायको खाली बघत होते. पाणी चढत होतं. थोड्या वेळाने ते वायरीच्या टोकांना लागलं, आणि मग टोकं आत गेली. चौथी मोटार तर त्याआधीच बुडाली होती.

"बांग कवा झाली?" गुलाम हुसेननी विचारलं.

जुबैदाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून येणाऱ्या मळकट उजेडात ते त्यांच्या ओठांकडे बघत होते. "कवा म्हंजे? तुमी ऐकली की. हातानं म्हनालात ना, येतो."

"तू पदर घेतलास, म्हनून म्हटलं."

"म्हंजे?"

गुलाम हुसेन हातातला पाना उलटसुलट करत राहिले. तो अजून त्यांनी सोडला नव्हता. "जुबैदा, मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "थोडं कमी येतं असं न्हाय. कायच येत न्हाय. सात-आठ वर्सं झाली."

"आणि बांग?"

"बांग पन न्हाय. तू पदर डोक्यावर घेतेस, मग मी उठतो. दोन दिवस तू घेतला न्हायस, म्हनून विचारत होतो."

सात-आठ वर्षं जुबैदाबाई कठड्याशी बसून कांड्या भरत होत्या आणि गल्लीला हसवत होत्या, आणि खाली हा माणूस धागा तुटतोय का ते बघता बघता दिवसातून कितीदा मान वर करून त्यांच्याकडे बघत असला पाहिजे. त्यांनी माफी मागितली, पण तोंड फिरवून मागितली, त्यामुळे ती गुलाम हुसेनना कळली नाही.

उजेड कमी होत चालला होता. असरची वेळ निघून जायच्या बेतात होती. जुबैदाबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याकडे तोंड केलं आणि धावपळीत खांद्यावर पडलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला. गुलाम हुसेननी पाना खाली ठेवला आणि ते नमाजाआधी हात-तोंड धुवायला, वजू करायला उठले.